नऊ शेजाऱ्यांचा स्फटिक

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणात लँथॅनम ब्रोमाइडचा स्फटिक कधीही उघडा ठेवत नाहीत. ॲल्युमिनियमच्या डबीत, एका बाजूला काचेची खिडकी ठेवून, तो हवाबंद केलेला असतो. डबीला बारीकशी भेग पडली तरी तो हवेतली वाफ ओढून घेतो, त्याचा पृष्ठभाग धुरकट होतो आणि पुढे तो स्वतःच शोषलेल्या पाण्यात विरघळू लागतो. कोरडा राहिला, तर मात्र गॅमा किरणांची ऊर्जा ओळखण्यात त्याची बरोबरी करणारे स्फटिक फार थोडे आहेत.

लँथॅनम ब्रोमाइड हे दुर्मिळ मृदा धातूंच्या हॅलाइड कुळातले संयुग. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन यांच्याशी धातूचा संयोग झाला की हॅलाइड तयार होते. लँथॅनमच्या एका अणूमागे ब्रोमीनचे तीन अणू, इतके याचे सूत्र सोपे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात अशा संयुगाची माहिती ‘बनवण्याची पद्धत’ आणि ‘रचना’ अशा दोन मथळ्यांखाली येते आणि विद्यार्थी ती दोन स्वतंत्र गोष्टींसारखी पाठ करतात. लँथॅनमच्या हॅलाइडांबाबत असे केले, तर दोन्ही गोष्टी अर्धवटच समजतात. ही संयुगे बनवणे अवघड का, आणि बनल्यावर ती इतकी उपयोगी का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. लँथॅनमच्या आयनाला आपल्याभोवती खूप शेजारी हवे असतात.

मोठ्या आयनाची गरज

लँथॅनमचा अणू तीन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि त्याच्यावर तीन धन प्रभार उरतात. इतका प्रभार असलेल्या धातूंच्या आयनांमध्ये तो आकाराने बराच मोठा आहे. भोवती नऊ शेजारी असताना त्याची त्रिज्या १.२१६ अँगस्ट्रॉम धरली जाते. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.) कार्बनचा अणू ठरावीक दिशांनाच बंध जोडतो. लँथॅनमचे तसे नाही. त्याचे बंध प्रामुख्याने धन आणि ऋण प्रभारांच्या आकर्षणाचे असल्यामुळे दिशेचे बंधन जवळजवळ नसते. ऋण आयन एकमेकांना न रेटता जितके मावतील तितके तो जवळ घेतो. क्लोरीन आणि ब्रोमीन यांच्या आकारमानाचा विचार करता ही संख्या बहुधा नऊ भरते.

दुसरी गोष्ट अशी, की शेजारी निवडताना लँथॅनमचा कल ऑक्सिजनकडे असतो. ऑक्सिजन लहान, त्याचा ऋण प्रभार एकवटलेला, त्यामुळे आकर्षण अधिक बळकट. ब्रोमीनचा आयन मोठा आणि त्याच्यावर प्रभार एकच. म्हणजे ज्याला नऊ जागा भरायच्या आहेत आणि ज्याला ऑक्सिजन अधिक प्रिय आहे, अशा आयनाभोवती आपल्याला नऊच्या नऊ ब्रोमीन बसवायचे आहेत. बनवण्यातली सगळी अडचण इथून सुरू होते.

पाणी उकळून जात नाही

सुरुवात होते ती समुद्रकाठच्या वाळूतून. केरळमधील चवरा, तमिळनाडूतील मणवालकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथील वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे. दुर्मिळ मृदा धातूंचे आणि थोरियमचे हे फॉस्फेट. या वाळूतील खनिजांवर काम करणाऱ्या आयआरईएल या केंद्र सरकारच्या कंपनीचे मुख्यालय मुंबईत आहे. खनिज फोडून, थोरियम बाजूला काढून, एकमेकांशी कमालीचे साम्य असलेले हे धातू द्रावकांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने वेगळे केले की शेवटी लँथॅनम ऑक्साइडची पांढरी पूड हाती येते.

ही पूड हायड्रोब्रोमिक आम्लात सहज विरघळते. द्रावण आटवले की स्फटिकही मिळतात, पण ते सजल असतात. लँथॅनम क्लोराइडच्या सजल स्फटिकात लँथॅनमच्या प्रत्येक आयनामागे पाण्याचे सात रेणू असतात. क्ष-किरणांनी या स्फटिकाचे अंतरंग पाहिले, तर हे पाणी कुठे आहे ते स्पष्ट दिसते. प्रत्येक लँथॅनमभोवती पाण्याचे सात ऑक्सिजन आणि दोन क्लोरीन, एकूण नऊ शेजारी. पाणी इथे फटींत साचलेले नाही, ते थेट धातूला जोडलेले आहे.

म्हणूनच हे स्फटिक नुसते तापवून सुकवता येत नाहीत. उष्णता वाढली की काही पाणी वाफ होऊन जाते, पण उरलेल्या पाण्याचा ऑक्सिजन लँथॅनमला धरून ठेवतो आणि पाण्यातला हायड्रोजन हॅलोजनला घेऊन बाहेर पडतो. ब्रोमाइडच्या बाबतीत हायड्रोजन ब्रोमाइड वायू निघून जातो आणि मागे लँथॅनम ऑक्सिब्रोमाइड राहते. सुकवायला निघालो आणि हाती दुसरेच संयुग आले, असा हा प्रकार. क्लोराइडच्या बाजूने पाहिले, तर ऑक्सिक्लोराइडमध्येही प्रत्येक लँथॅनमला चार ऑक्सिजन आणि पाच क्लोरीन असे नऊ शेजारी मिळतात. लँथॅनमची गरज पूर्ण झालेली असते, आपली होत नाही.

ऑक्सिब्रोमाइडची अगदी थोडी भेसळही महागात पडते. वितळलेल्या ब्रोमाइडमध्ये ते नीट मिसळत नाही, स्फटिक ढगाळ होतो आणि त्यातून प्रकाश सरळ बाहेर येत नाही. ही भेसळ ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. चिमूटभर पूड पाण्यात टाकायची. शुद्ध ब्रोमाइड पूर्ण विरघळते आणि द्रावण नितळ राहते. ऑक्सिब्रोमाइड विरघळत नाही, त्यामुळे द्रावण गढूळ दिसते.

नवसागराची युक्ती

यावरचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर होता. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करताना कल्हईवाला भांडे तापवतो आणि त्यात नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा काळपट थर निघून जातो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. त्यातला हायड्रोजन क्लोराइड तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने काढून घेतो आणि मग कथील स्वच्छ धातूवर पसरते.

लँथॅनम ऑक्साइडवरही हेच करता येते. क्लोराइड हवे असेल तर अमोनियम क्लोराइड, ब्रोमाइड हवे असेल तर अमोनियम ब्रोमाइड. १९६२ साली टेलर आणि कार्टर या संशोधकांनी अमोनियम हॅलाइडांच्या मदतीने निर्जल लँथॅनाइड हॅलाइडे बनवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेर्ड मायर यांनी या मार्गातील मधले टप्पे तपासून त्याला शिस्तशीर रूप दिले. प्रयोगशाळांत आजही हा मार्ग सर्रास वापरला जातो.

ऑक्साइडमध्ये जास्तीचा अमोनियम क्लोराइड मिसळून मिश्रण सुमारे २३० ते २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. अमोनिया आणि पाण्याची वाफ निघून जाते. मात्र हाती लगेच लँथॅनम क्लोराइड येत नाही. आधी एक मधले संयुग तयार होते. त्यात लँथॅनमच्या एका आयनामागे दोन अमोनियम आणि पाच क्लोरीन असतात. ब्रोमाइडचेही असेच मधले संयुग आहे. त्यानंतर निर्वातात तापमान साधारण ४०० अंशांपर्यंत हळूहळू चढवतात. मधल्या संयुगातला अमोनियम हॅलाइड वाफ होऊन नळीच्या थंड टोकाला पांढरा थर बनून बसतो आणि मागे निर्जल लँथॅनम हॅलाइड राहते.

या मधल्या संयुगातच पद्धतीचे मर्म आहे. त्याच्या रचनेत लँथॅनमभोवती सात हॅलोजन असतात. सहा हॅलोजन त्रिकोणी लोलकाच्या सहा कोपऱ्यांवर आणि सातवा लोलकाच्या एका बाजूसमोर. ऑक्सिजन एकही नाही. म्हणजे पाणी निघून जात असतानाच लँथॅनमभोवतीच्या जागा हॅलोजनांनी धरलेल्या असतात. ऑक्सिजनने पुन्हा शिरकाव करायचा म्हटले, तरी आजूबाजूला भरपूर हायड्रोजन हॅलाइड असल्यामुळे त्याचे पाणी होऊन तो बाहेर पडतो. पाणी आधी काढून हॅलोजन नंतर बसवायला गेलो की फसगत होते. इथे पाणी निघणे आणि हॅलोजन बसणे एकाच वेळी घडते.

शेवटी उरलासुरला अमोनियम ब्रोमाइड पूर्ण काढून टाकावा लागतो, नाहीतर पुढे बंद नळीत तापवताना त्याच्या वायूंचा दाब वाढतो. मग निर्वातात ऊर्ध्वपातन करून ब्रोमाइड आणखी शुद्ध करतात, कारण ऑक्सिब्रोमाइड सहजी उडत नाही, ते मागे राहते. यानंतरचे सगळे काम आर्गॉन वायूने भरलेल्या, हातमोजे जोडलेल्या बंद पेटीत चालते.

लोलक, स्तंभ आणि बोगदे

लँथॅनमच्या ट्रायक्लोराइडची आणि ट्रायब्रोमाइडची रचना युरेनियम ट्रायक्लोराइडसारखी आहे. नॉर्वेत जन्मलेले स्फटिकशास्त्रज्ञ विल्यम झकारिआसेन यांनी १९४८ साली हा रचनाप्रकार प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोमध्ये अणुबाँबच्या प्रकल्पासाठी युरेनियम आणि त्याच्या पुढच्या मूलद्रव्यांची संयुगे ओळखण्याचे काम ते करत होते. नमुने अगदी सूक्ष्म असत, पण क्ष-किरणांच्या ठशांवरून ते अणूंची मांडणी उलगडत. त्याच कामातून लँथॅनमच्या हॅलाइडांचेही कोडे सुटले.

रचना नजरेसमोर आणायची तर आधी एक त्रिकोणी लोलक कल्पावा. वर तीन ब्रोमीन, खाली तीन ब्रोमीन, मधोमध लँथॅनम. लोलकाच्या तीन उभ्या बाजूंसमोर आणखी एकेक ब्रोमीन. सहा आणि तीन मिळून नऊ. मधल्या संयुगात सात होते, त्यात लोलक तयारच होता. अमोनियम ब्रोमाइड निघून गेल्यावर आणखी दोन जागा शेजारच्या ब्रोमीननी भरल्या, एवढाच फरक.

मात्र सूत्रात लँथॅनममागे तीनच ब्रोमीन आहेत, मग नऊ येतात कुठून? उत्तर आहे भागीदारी. प्रत्येक ब्रोमीन एकाच वेळी तीन लँथॅनमांचा शेजारी असतो. लोलक एकावर एक रचलेले असतात आणि वरच्या-खालच्या लोलकांना एकच त्रिकोण सामाईक असतो. असा एक उभा स्तंभ तयार होतो. लोलकाच्या बाजूंसमोरचे तीन ब्रोमीन हे शेजारच्या स्तंभांच्या त्रिकोणांतले असतात. त्यामुळे सगळे स्तंभ एकमेकांत गुंतून राहतात. आणि या स्तंभांच्या मध्ये, त्यांना समांतर, षट्‌कोनी पोकळ बोगदे राहतात.

या मांडणीचा सर्वांत लहान पुनरावृत्त होणारा भाग, म्हणजे एकक कोशिका, षट्‌कोनी प्रकारची असते. लँथॅनम ब्रोमाइडमध्ये तिच्या पायाची बाजू सुमारे ७.९७ अँगस्ट्रॉम आणि उंची सुमारे ४.५२ अँगस्ट्रॉम. तिच्यात दोन लँथॅनम आणि सहा ब्रोमीन बसतात. या अणूंचे वस्तुमान कोशिकेच्या घनफळाने भागले, तर घनता निघते दर घन सेंटीमीटरला सुमारे ५.१ ग्रॅम. प्रत्यक्ष स्फटिक तोलूनही हाच आकडा येतो. डोळ्यांना कधीही न दिसणारी मांडणी आणि तराजूवरचे वजन असे जुळते, तेव्हा रचनेबद्दल शंका उरत नाही.

आयन आक्रसला की

शेजाऱ्यांची संख्या आकारावर ठरते, हे म्हणणे पडताळून पाहण्याची सोय निसर्गानेच केली आहे. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या पंधरा मूलद्रव्यांचे रसायन जवळजवळ सारखे, पण आयनाचा आकार पावलापावलाने घटत जातो. नऊ शेजाऱ्यांच्या हिशेबाने लँथॅनमची त्रिज्या १.२१६ अँगस्ट्रॉम, तर ल्युटेशियमची १.०३२. ही घट सुमारे १५ टक्क्यांची.

क्लोराइडांमध्ये लँथॅनमपासून गॅडोलिनियमपर्यंत नऊ शेजाऱ्यांची रचना टिकते. टर्बियमपाशी शेजारी आठ होतात. डिस्प्रोशियमपासून पुढे आणि इट्रियममध्येही ते सहावर येतात आणि स्फटिक एकावर एक ठेवलेल्या थरांचा बनतो. ब्रोमीन क्लोरीनपेक्षा मोठा, म्हणून ब्रोमाइडांमध्ये नऊची रचना प्रासिओडायमियमपर्यंतच पोहोचते. आयोडीन त्याहून मोठा, तेव्हा लँथॅनमच्या आयोडाइडलाही आठ शेजाऱ्यांवर भागवावे लागते. इलेक्ट्रॉनांच्या गुंतागुंतीच्या गणितात न शिरता केवळ धातू आणि हॅलोजन यांच्या आकारांवरून इतका सुसंगत क्रम लागावा, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत देखणे चित्र वाटते.

वितळवणे आणि तडे

शोधक म्हणून वापरण्यासाठी पूड चालत नाही, एकसंध मोठा स्फटिक लागतो. शुद्ध ब्रोमाइड क्वार्ट्झच्या नळीत भरून, हवा काढून, नळी वितळवून बंद करतात. लँथॅनम ब्रोमाइड साधारण ७८५ अंशांच्या आसपास वितळते. मग वरून गरम आणि खालून थंड अशा भट्टीतून नळी अतिशय सावकाश खाली उतरवतात. तळाशी पहिला स्फटिक धरतो आणि त्याच मांडणीत वरचा रस गोठत जातो. ब्रिजमन पद्धत म्हणून ती ओळखली जाते.

इथे रचना पुन्हा समोर उभी राहते. स्तंभांच्या दिशेने आणि स्तंभांना आडव्या दिशेने हा स्फटिक सारखा प्रसरण पावत नाही. आडव्या दिशेचे प्रसरण उभ्या दिशेच्या जवळपास दुप्पट असते. थंड होताना दोन दिशांना वेगवेगळे आकुंचन झाले की आत ताण साचतो, आणि स्तंभांना समांतर असलेल्या प्रतलांवर स्फटिक दुभंगतो. उत्पादकांना मोठे स्फटिक काढायला वर्षे लागली ती याच कारणाने. थंड करण्याचा वेग, नळीचा आकार आणि भट्टीतला उष्णतेचा उतार या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

सेरियमचा प्रकाश

शुद्ध लँथॅनम ब्रोमाइड हा चांगला शोधक नव्हे. त्यात थोडे सेरियम मिसळावे लागते. सेरियमच्या आयनाची त्रिज्या १.१९६ अँगस्ट्रॉम, लँथॅनमपेक्षा दोन टक्क्यांहूनही कमी फरक. प्रभारही तोच, तीन. त्यामुळे लँथॅनमच्या जागी सेरियम निमूट बसतो आणि नऊ शेजाऱ्यांची मांडणी बिघडत नाही. गॅमा किरण स्फटिकात शिरला की इलेक्ट्रॉन उधळले जातात, त्यांची ऊर्जा शेवटी सेरियमच्या आयनांपर्यंत पोहोचते आणि ते अतिनील-जांभळ्या प्रकाशाची क्षणिक चमक देतात. चमक जितकी तेजस्वी, तितकी किरणाची ऊर्जा जास्त.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी २००१ साली सेरियमयुक्त लँथॅनम ब्रोमाइडचे गुण जाहीर केले. किरणाच्या दर दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेमागे सुमारे ६१,००० प्रकाशकण मिळाले. सीझियम-१३७ मधून येणाऱ्या ६६२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या किरणाची ऊर्जा २.८ टक्क्यांच्या बारकाईने ओळखता आली. १९४८ सालापासून वापरात असलेल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात हा आकडा सहा-सात टक्क्यांचा असतो. २०१० साली चंद्राकडे गेलेल्या चीनच्या छांग-अ-२ यानावर हेच संयुग गॅमा किरणे मोजत होते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तब्बल ९४६ घन सेंटीमीटरचा, म्हणजे पावणेपाच किलोहून थोडा जास्त वजनाचा स्फटिक घेऊन २२.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतच्या गॅमा किरणांना तो कसा प्रतिसाद देतो हे तपासले. हे काम २०१३ साली प्रसिद्ध झाले.

एक मर्यादा मात्र लँथॅनमबरोबर जन्मतःच येते. निसर्गातल्या लँथॅनमचा सुमारे ०.०९ टक्के भाग लँथॅनम-१३८ असतो आणि तो किरणोत्सर्गी आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे दहा हजार कोटी वर्षांचा, तरीही त्याची १,४३६ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टची किरणे शोधकात सतत दिसत राहतात आणि पोटॅशियम-४० च्या १,४६१ च्या रेषेजवळ गोंधळ घालतात. अगदी क्षीण किरणोत्सर्ग मोजायचा असेल तेव्हा म्हणून संपूर्ण सेरियम ब्रोमाइडचाच स्फटिक वापरतात. त्याचीही रचना नऊ शेजाऱ्यांचीच.

बोगद्यांचा नवा उपयोग

आतापर्यंत स्तंभांच्या मधल्या पोकळ बोगद्यांचा काही उपयोग नव्हता. २०२३ साली चीनमधील हफे येथील संशोधकांनी त्यांच्याकडेच लक्ष दिले. लँथॅनम क्लोराइडमध्ये काही जागी टँटलम आणून त्यांनी लँथॅनमच्या काही जागा रिकाम्या ठेवल्या. त्यामुळे एकेकटे उभे बोगदे आडवेही जोडले गेले आणि लिथियमचे आयन त्यांतून सहज धावू लागले. ३० अंश तापमानाला या घन पदार्थाची आयन-वाहकता दर सेंटीमीटरला सुमारे तीन मिलिसीमेन्स भरली. ज्वालाग्राही द्रवाऐवजी घन पदार्थ वापरणाऱ्या बॅटरीसाठी हा आकडा लक्षणीय आहे. ब्रोमीनच्या जागी क्लोरीन आणि प्रकाशाच्या जागी विद्युतप्रवाह आला, पण सांगाडा झकारिआसेन यांनी ओळखला तोच राहिला.

लँथॅनमची नऊ शेजाऱ्यांची गरज ध्यानात ठेवली, तर या संयुगाबद्दल वेगळे काही पाठ करावे लागत नाही. पाणी का चिकटते, अमोनियम ब्रोमाइड का लागतो, स्फटिक कुठल्या दिशेने दुभंगतो, सेरियम का चपखल बसतो आणि लिथियमला वाट कुठून मिळते, हे सगळे त्या एका संख्येतून उलगडत जाते. आपल्या किनाऱ्यावर मोनाझाइट आहे आणि या स्फटिकांचा वापर जाणणारे शास्त्रज्ञही आपल्याकडे आहेत. वाळू आणि शोधक यांच्यामध्ये उभे आहे ते ऑक्सिजनचा शेवटचा अंश दूर ठेवण्याचे कसब. ते शिकवायचे असेल तर विद्यार्थ्याला कृती आणि रचना एकाच तासाला, एकाच फळ्यावर दाखवायला हवी.